पावती मागणारा शिपाई

कुठलीही तलवारबाजीची कादंबरी किंवा जुना साहसपट आठवा. नायक राजवाड्यात शिरतो, कुणीतरी पहारेकऱ्यांच्या नावाने ओरडतं आणि दारातून आठ-दहा शिपाई आत धावत येतात. ते एकेक करून नायकाच्या अंगावर जातात आणि एकेक करून पडतात. त्यांना नावं नसतात. त्यांच्या घरी कोण आहे, पगार वेळेवर होतो का, आज कामावर यायचं त्यांच्या मनात तरी होतं का, हे लेखक सांगत नाही आणि वाचकालाही विचारावंसं वाटत नाही. टेरी प्रॅचेट यांनी १९८९ साली आलेली 'गार्ड्स! गार्ड्स!' ही कादंबरी नेमकी याच शिपायांना अर्पण केली आहे. अर्पणपत्रिका छोटीशी आहे आणि हसवणारी आहे. पण ती वाचून पान उलटेपर्यंत आपण मनाशी एक गोष्ट कबूल केलेली असते. आजवर वाचलेल्या इतक्या गोष्टींत या माणसांकडे आपण पाहिलंच नव्हतं.

त्या एका कादंबरीतून सॅम व्हाइम्स आणि त्याच्या पहारेकऱ्यांची मालिका उभी राहिली. 'मेन ॲट आर्म्स' (१९९३), 'फीट ऑफ क्ले' (१९९६), 'जिंगो' (१९९७), 'द फिफ्थ एलिफंट' (१९९९), 'नाइट वॉच' (२००२), 'थड!' (२००५) आणि 'स्नफ' (२०११). प्रॅचेट यांच्या 'डिस्कवर्ल्ड'मध्ये एकूण ४१ कादंबऱ्या आहेत, त्यांतल्या या आठ माझ्या सर्वांत जिव्हाळ्याच्या. ड्रॅगन, छपरांवरचे पाठलाग, स्फोट, लांडग्यांच्या टोळ्या, वाळवंटात समोरासमोर उभी राहिलेली दोन सैन्यं असं सगळं त्यांत आहे, आणि हसून पुस्तक खाली ठेवावं लागेल अशी पानं तर जागोजाग आहेत. पण मला बोलायचं आहे ते त्यांच्या पुढच्या भागांबद्दल.

विनोदी कादंबरीचा पुढचा भाग लिहिणं हे फार अवघड काम. विनोद एकदा कळला की त्याचा जोर ओसरतो. तोच पुन्हा सांगायचा तर आवाज चढवावा लागतो, पात्रांच्या लकबी वाढवाव्या लागतात आणि तिसऱ्या-चौथ्या भागापर्यंत जिवंत पात्रांची सोंगं झालेली असतात. प्रॅचेट यांनी नेमकी उलट वाट धरली. आधीच्या पुस्तकात जिथे आपण हसलो, तिथेच ते पुढच्या पुस्तकात आपल्याला परत आणतात आणि विचारतात: हे जर खरोखर असंच असेल, तर त्यात राहणाऱ्या माणसांचं काय होत असेल? पहिल्या भागातला विनोद हा पुढच्या भागातला इतिहास होतो. हे आठही पुस्तकांत इतक्या चिकाटीने केलेलं आहे, की मला या मालिकेचं खरं सौंदर्य तिथेच दिसतं.

ही दुनिया चकतीसारखी सपाट आहे, ती चार हत्तींच्या पाठीवर आहे आणि ते हत्ती एका महाकाय कासवाच्या पाठीवर उभे आहेत. दिग्गज आणि कूर्म ज्यांना लहानपणापासून ठाऊक आहेत, त्या आपल्या वाचकांना हे चित्र परकं वाटणार नाही. या चकतीवरचं सर्वांत मोठं, सर्वांत घाण आणि सर्वांत जिवंत शहर म्हणजे अंख-मॉरपॉर्क. तिथला सत्ताधीश लॉर्ड व्हेटिनारी हा अतिशय थंड डोक्याचा माणूस. गुन्हेगारी बंद करता येत नाही, तर तिची शिस्त लावावी, असा त्याचा कारभार. त्यामुळे शहरात चोरांचा अधिकृत संघ आहे, वर्षाला किती चोऱ्या करायच्या हे ठरलेलं आहे आणि संघाचा सभासद चोरी करून झाल्यावर रीतसर पावती देतो. अशा शहरात पोलिसांचं काम काय? काहीच नाही. रात्रीच्या पहाऱ्यावर तीनच माणसं उरली आहेत. गटारात पडलेला दारुडा कॅप्टन व्हाइम्स, घरी बायको दिवसपाळीला असते म्हणून सुखाने रात्रपाळी करणारा सार्जंट कोलन, आणि नॉबी नॉब्स, ज्याच्या खिशात इतरांच्या वस्तू आपोआप जातात.

अशा ठिकाणी कॅरट येतो. साडेसहा फूट उंच, डोंगरातल्या खाणीत बुटक्यांनी मुलगा म्हणून वाढवलेला आणि स्वतःला मनापासून बुटकाच समजणारा तरुण. त्याने शहराच्या कायद्यांचं जुनं पुस्तक तोंडपाठ केलं आहे, आणि ते कायदे पाळण्यासाठी असतात असा त्याचा समज आहे. पहिल्याच दिवसांत तो चोरांच्या संघाच्या अध्यक्षाला अटक करतो, कारण तो माणूस चोर आहे. हा प्रसंग वाचताना आपण कॅरटच्या भाबडेपणाला हसतो. पुढे पन्नास पानांनी लक्षात येतं की अख्ख्या शहरात कायद्याचं पुस्तक उघडून वाचलेला तो एकटाच आहे, आणि हसावं ते इतरांना. प्रॅचेट हे कुठेही बोलून दाखवत नाहीत. दृश्यं एकापुढे एक ठेवत जातात आणि हसण्याचा रोख हळूहळू फिरतो.

या कादंबरीतला माझा सर्वांत आवडता प्रसंग छपरावरचा. शहरावर एक प्रचंड ड्रॅगन चालून आला आहे. सार्जंट कोलनकडे एक जुना, आजवर न चुकलेला बाण आहे. ड्रॅगनच्या अंगावर एखादी नाजूक जागा असणार आणि तिथेच नेम लागला पाहिजे. आता गोष्टींचा एक नियम सगळ्यांना माहीत आहे: दहा लाखांत एक अशी शक्यता असेल, तर ती हमखास साधते. म्हणून कोलन, नॉबी आणि कॅरट गंभीरपणे हिशेब करतात की आपला नेम लागण्याची शक्यता नेमकी दहा लाखांत एक आहे ना? कोलन चांगला तिरंदाज असल्यामुळे ती जरा जास्तच भरते. मग अडचणी वाढवायच्या. एका पायावर उभं राहायचं, अजून काहीतरी अवघड करायचं, पुन्हा हिशेब करायचा. समोरून मृत्यू उडत येतो आहे आणि तिघं आपलीच संधी काळजीपूर्वक बिघडवत आहेत. बाण सुटतो आणि चुकतो. हिशेब कुठेतरी थोडा हलला होता. ड्रॅगन आग ओकतो, खालचा दारूचा कारखाना उडतो, आणि त्या स्फोटातून कुणी जिवंत राहण्याची शक्यता मात्र बरोबर दहा लाखांत एक असते.

इथे विनोद आणि थरार वेगळे काढता येत नाहीत, आणि लेखकाची ताकद दिसते ती यातच. पुष्कळ विनोदी साहसकथांत दोन्ही आळीपाळीने येतात. एक पाठलाग, मग एक कोटी, मग पुन्हा पाठलाग. प्रॅचेट यांच्याकडे पाठलागाला पुढे ढकलणारं कारणच विनोदी असतं आणि विनोदाचा शेवट स्फोटाने होतो. त्यांच्या बहुतेक डिस्कवर्ल्ड कादंबऱ्यांत प्रकरणंही नाहीत. एक छोटा प्रसंग संपतो, एक ओळ मोकळी जाते आणि आपण शहराच्या दुसऱ्या टोकाला असतो. थांबावं अशी जागाच सापडत नाही. प्रॅचेट १९६५ साली, शाळा सोडून, 'बक्स फ्री प्रेस' या स्थानिक वृत्तपत्रात कामाला लागले होते आणि पुढे बरीच वर्षं वीज मंडळाचे प्रसिद्धी अधिकारी होते. गावातल्या बातमीदाराची ती नजर या गद्यात उतरली आहे. कुणाचा धंदा कसा चालतो, कोण कुणाचं देणं लागतो, महापालिकेचा पैसा कुठे मुरतो, हे त्यांना माहीत असतं आणि सांगायला आवडतं.

कादंबरीच्या शेवटी शहर वाचवल्याबद्दल पहारेकऱ्यांना बक्षीस मागायला सांगतात. बऱ्याच वेळाने, संकोचत, ते किरकोळ पगारवाढ मागतात, एक नवी किटली मागतात आणि अजून एक, जमलंच तर, डार्टचा फळा. दरबारात हसू फुटतं. मला हे पान वाचून गळा दाटून येतो. ज्या माणसांकडे गोष्टींनी कधी वळून पाहिलं नाही, त्यांना मागावं कसं हेच ठाऊक नाही.

आता पुढची पुस्तकं. 'मेन ॲट आर्म्स'मध्ये पहाऱ्यावर नवी भरती होते. एक बुटका, एक ट्रोल आणि अँग्वा नावाची तरुणी, जी पौर्णिमेच्या आसपास लांडगी होते. बुटके आणि ट्रोल यांचं पिढीजात वैर आहे आणि त्याचं मूळ आहे कूम व्हॅलीच्या लढाईत. ती इतिहासातली एकच अशी लढाई, जिथे दोन्ही बाजूंनी एकमेकांवर दबा धरून अचानक हल्ला केला. आपण हसतो आणि पुढे जातो. ही लढाई बारा वर्षांनी परत येणार आहे.

बुटक्याचं नाव कडी, ट्रोलचं डेट्रायटस. डेट्रायटस पहिल्या कादंबरीत एका गुत्त्याच्या दारात उभा होता, नको त्या गिऱ्हाइकांना बाहेर भिरकावण्यासाठी. दगडी, मंद आणि निव्वळ हसण्यासाठी ठेवलेला. या पुस्तकात कळतं की ट्रोलच्या मेंदूला उष्णतेचा त्रास होतो. थंडीत तो भराभर चालतो. शहराच्या गरम हवेत ते मठ्ठ दिसतात, एवढंच. पळता पळता कडी आणि डेट्रायटस एका गोदामात अडकतात. हे गोदाम वायदेबाजारातल्या मांसाचं, म्हणजे जे अजून जन्मालाच आलेलं नाही अशा मांसाचं, आणि भयंकर थंड. थंडी वाढत जाते तसतसा डेट्रायटस भिंतीवरच्या हिमात गणितं मांडू लागतो. ती गणितं सगळ्या विश्वाला कवेत घेण्याच्या बेतात असतानाच दार उघडून त्याला वाचवलं जातं आणि उत्तर विरघळून जातं. कडी मात्र पाहिलेलं विसरत नाही. तो आपल्या हाताने पंखा बसवलेलं एक शिरस्त्राण बनवतो, डेट्रायटसच्या डोक्याला वारा लागावा म्हणून. थोड्याच पानांनी कडी मारला जातो.

यानंतरच्या प्रत्येक पुस्तकात डेट्रायटस आहे. तो सार्जंट होतो, नव्या ट्रोल पोरांना शिकवतो, आणि कधीतरी एखाद्या ओळीत त्याच्या शिरस्त्राणावरचा पंखा फिरू लागतो. कडीचं नाव तिथे बहुतेक वेळा येतही नाही. पण ज्याने क्रमाने वाचलं आहे त्याला त्या पंख्याचा आवाज ऐकू आला की कळतं, एक मेलेला मित्र अजून आपलं काम करतो आहे. मी म्हणतो तो पुढच्या भागाचा अर्थ हाच. स्वतंत्र कादंबरीला हे साधत नाही. त्यासाठी मध्ये वर्षं जावी लागतात आणि वाचकाजवळ आठवण असावी लागते.

व्हाइम्सच्या बुटांचा विचारही याच पुस्तकातला. तो गरीब वस्तीत वाढलेला आणि आता शहरातल्या सर्वांत श्रीमंत बाईशी, लेडी सिबिल रॅमकिनशी, त्याचं लग्न ठरलेलं. श्रीमंत माणूस श्रीमंत का राहतो, याचा त्याने बुटांवरून काढलेला निष्कर्ष असा: चांगले बूट ५० डॉलरला मिळतात आणि दहा वर्षं टिकतात. ज्याच्याकडे तेवढे पैसे एकदम नसतात, तो १० डॉलरचे घेतो. ते एक-दोन पावसाळ्यांत गळतात, पुन्हा घ्यावे लागतात. दहा वर्षांत गरीब माणसाने १०० डॉलर घातलेले असतात आणि त्याचे पाय ओलेच. हा परिच्छेद पुस्तकातून बाहेर पडून जगात हिंडू लागला. ब्रिटनमध्ये जॅक मनरो यांनी २०२२ साली, स्वस्तातल्या जिनसांची महागाई सरकारी आकड्यांत नीट दिसत नाही म्हणून, वेगळा निर्देशांक मांडायचं ठरवलं. त्याला त्यांनी प्रॅचेट यांच्या वारसांच्या संमतीने व्हाइम्सच्या बुटांचंच नाव दिलं. कादंबऱ्यांच्या आतही ते बूट थांबले नाहीत. सिबिलने घेतलेल्या जाड, उत्तम बुटांत व्हाइम्सला अस्वस्थ वाटतं, कारण पातळ झिजलेल्या तळव्यांतून त्याला पायाखालचा रस्ता ओळखता येतो. काळोखातसुद्धा फरसबंदीच्या स्पर्शावरून तो आपण कुठल्या गल्लीत आहोत हे सांगतो. आधी दारिद्र्याची खूण असलेलं झिजलेलं चामडं पुढे त्याच्या विद्येचं साधन झालं.

आता त्या पावतीकडे येतो. चोराने पावती द्यावी हा विनोद डिस्कवर्ल्डच्या जवळजवळ प्रत्येक वाचकाला आठवतो. 'फीट ऑफ क्ले'मध्ये गोलेम आहेत, मातीची माणसं. त्यांच्या डोक्यात मंत्राची चिठ्ठी असते आणि ते रात्रंदिवस, बिनपगारी, बिनतक्रार राबतात. ते कुणाच्या तरी मालकीचे असतात. डॉर्फल नावाचा गोलेम कत्तलखान्यात कामाला आहे. कॅरट त्याला रीतसर विकत घेतो, पावती घेतो आणि ती पावती डॉर्फलच्याच डोक्यात ठेवतो. आता डॉर्फल स्वतःचा मालक झाला. मोठं भाषण नाही, क्रांतीचा झेंडा नाही. मालमत्तेच्या कायद्याचा एक कागद योग्य जागी ठेवला, इतकंच. मुक्त झालेला डॉर्फल पुढे पहाऱ्यावर नोकरी धरतो आणि पगार साठवून इतर गोलेमना विकत घ्यायचं ठरवतो, मोकळं करण्यासाठी.

आणि मग 'नाइट वॉच'. या सगळ्या मालिकेतलं हे सर्वांत गडद आणि माझ्या मते सर्वांत थोर पुस्तक. खुन्याचा पाठलाग करताना व्हाइम्स विजेच्या लोळात सापडतो आणि तीस वर्षं मागे जाऊन पडतो. शहरावर तेव्हा एका वेड्या सत्ताधीशाचं राज्य आहे. केबल स्ट्रीटवर गुप्त पोलिसांचं कार्यालय आहे आणि तिथे गेलेली माणसं परत येत नाहीत. तरुण सॅम व्हाइम्सला ज्याने पोलिसाचं काम शिकवलं तो सार्जंट जॉन कील मारला गेल्यामुळे म्हाताऱ्या व्हाइम्सलाच कील होऊन स्वतःला शिकवावं लागतं. पहिल्याच रात्री संचारबंदी मोडलेल्या काही सामान्य माणसांना गाडीत घालून केबल स्ट्रीटवर पोहोचवायचं असतं. रोजचीच रीत. व्हाइम्स दारात जातो आणि पावती मागतो. इतकी माणसं ताब्यात दिली, सही करा. आतला अधिकारी हसतो, मग चिडतो. इथे कुणी सही करत नाही. मग माणसंही मिळणार नाहीत, असं म्हणून व्हाइम्स गाडी वळवतो आणि सगळ्यांना आपल्या चौकीच्या कोठडीत परत आणतो.

मला हे दृश्य कितीही वेळा वाचलं तरी अंगावर काटा येतो. छळछावणीच्या दारात उभा असलेला एकटा सार्जंट, हातात तलवार उगारलेली नाही, तोंडात घोषणा नाही. तो फक्त कागदावर सही मागतो, कारण ज्या माणसाच्या नावाची नोंद झाली त्याला गडप करणं अवघड असतं. जे हुकूम देतात त्यांना कागद नको असतो, हे व्हाइम्सला पक्कं ठाऊक आहे. चोराच्या हातातली गमतीची पावती डॉर्फलच्या डोक्यात गेली तेव्हा ती मुक्तीचा दाखला झाली होती. इथे ती माणसाच्या जिवाची हमी मागते. प्रॅचेट यांनी या तीन पावत्यांमध्ये धागा ओवून दाखवलेला नाही. तो आहे की माझ्या वाचनाने घातला, याची मला फारशी फिकीरही नाही. इतक्या पुस्तकांतून एकच शहर आतून बांधत नेलं की असे धागे आपसूक तयार होतात.

'नाइट वॉच'मधली बॅरिकेडची गोष्टही अशीच. लोक आपल्या गल्ल्यांच्या तोंडाशी टेबलं-खुर्च्या रचून अडसर उभे करतात. व्हाइम्स ते अडसर हळूच पुढे सरकवत नेतो, इतके की शहराचा बहुतेक भाग, त्यातल्या अन्नाच्या वाटांसकट, आतच येतो आणि वेढा नेमका कुणाला पडला आहे ते कळेनासं होतं. यात हसू आहे, लष्करी अक्कलही आहे. पण या सगळ्याचा शेवट कसा होणार हे व्हाइम्सला माहीत आहे. २५ मे रोजी यातली काही माणसं मरणार आहेत, तो त्यांच्या थडग्यांवर दर वर्षी जात आला आहे आणि आता त्यांना हाताखाली घेऊन लढतो आहे.

त्यांच्यात एक रेग शू आहे. १९९१ सालच्या 'रीपर मॅन'मध्ये रेग झोंबी म्हणून आला होता. मेलेल्यांच्या हक्कांसाठी मंडळ चालवणारा, फलक लिहिणारा, सभेला कुणी येत नसलं तरी न खचणारा कार्यकर्ता. तेव्हा तो निखळ गमतीचा होता. 'नाइट वॉच'मध्ये तो जिवंत आहे. तरुण, उतावळा, क्रांतीच्या स्वप्नाने भारलेला. आणि बॅरिकेडवर तो मरतो. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या विनोदाला जन्म कुठे मिळाला ते आता कळतं. मेल्यावरही चळवळ न सोडणारा माणूस हास्यास्पद होता खरा, पण तो कशासाठी मेला होता हे आपण कधी विचारलं नव्हतं. आता 'रीपर मॅन' पुन्हा उघडलं तर त्याच ओळी वेगळ्या वाचल्या जातात. मागच्या पुस्तकाचा अर्थ बदलून टाकणारे पुढचे भाग मी फार थोडे वाचले आहेत.

'जिंगो'मधला एक प्रसंग टाळून पुढे जाता येत नाही. व्हाइम्सकडे बायकोने दिलेलं एक यंत्र आहे. छोट्या पेटीत बसलेलं एक चिमुकलं भूत, जे दिवसाच्या भेटीगाठींची आठवण करून देतं आणि नेहमी नको त्या वेळी तोंड उघडतं. आधीच्या पुस्तकापासून हे यंत्र गमतीपुरतंच आहे. युद्ध पेटत असताना व्हाइम्सला क्षणात ठरवावं लागतं की शहरात थांबायचं की अँग्वाला घेऊन निघालेल्या जहाजाचा पाठलाग करायचा. तो पाठलागाला निघतो. पण त्या धांदलीत त्याच्या हाती दुसऱ्या शक्यतेतलं यंत्र लागतं, जिथे तो शहरातच थांबला तिथलं. इकडे दोन सैन्यांना शांतताभंगाबद्दल अटक करायला तो वाळवंटात उभा आहे, हा प्रसंगही अफाट विनोदी. आणि खिशातलं भूत त्याच नेहमीच्या चुरचुरीत आवाजात त्या दुसऱ्या दिवसाची नोंद वाचू लागतं. पहाऱ्यावरची एकेक माणसं पडत जातात, एकेका नावाने. शेवटी व्हाइम्सच्या स्वतःच्या यादीत एकच काम उरतं, मरायचं. विनोदी वस्तूचा आवाज तसाच ठेवून तिच्या तोंडी मृत्यूची यादी दिल्यावर काय होतं ते इथे वाचावं. लेखकाने एक शब्दही चढवलेला नाही.

आता कूम व्हॅली. 'मेन ॲट आर्म्स'मधली ती एका ओळीची गंमत, दोन्ही बाजूंनी दबा धरून केलेली लढाई, 'थड!'मध्ये संपूर्ण कादंबरी होते. लढाईच्या स्मरणदिनी अंख-मॉरपॉर्कमध्ये बुटके आणि ट्रोल पुन्हा एकमेकांचे गळे धरायच्या बेतात आहेत. एका कट्टर बुटक्या धर्मोपदेशकाचा खून झाला आहे. तपास व्हाइम्सला थेट त्या खोऱ्याखालच्या गुहांपर्यंत नेतो, आणि तिथे सत्य सापडतं. ते लढायला जमलेच नव्हते. दोन्हीकडचे राजे तह करायला आले होते. धुकं, भय आणि गैरसमजातून लढाई झाली, मग पुराच्या लोंढ्याने साऱ्यांना गुहेत वाहून नेलं. जे वाचले, ते तिथे अडकून एकत्र बसले, आणि पटावरचा खेळ खेळता खेळता मेले. शतकानुशतकं ज्या गोष्टीवर दोन जमातींनी द्वेष पोसला, ती गोष्टच खोटी होती. हसताना आपणही ती खरी मानली होती. बारा वर्षांपूर्वी लेखकाने आपल्याला तोच खोटा इतिहास विनोद म्हणून हातात ठेवला होता आणि आपण तो तपासला नाही.

याच पुस्तकात व्हाइम्स बाप झालेला आहे. रोज संध्याकाळी सहा वाजता तो कुठेही असला तरी घरी पोहोचतो आणि लेकाला हरवलेल्या गाईचं एक चित्रमय पुस्तक वाचून दाखवतो. एकदा तर त्याची गाडी वेळेत पोहोचावी म्हणून कॅरट शहरातली वाहतूक थांबवतो. शेवटी गुहेच्या अंधारात सूडाची एक प्राचीन शक्ती व्हाइम्सच्या मनात शिरते आणि त्याच्या हातून कत्तल करवू पाहते. सहा वाजतात. रक्ताने माखलेला, भान हरपलेला व्हाइम्स तलवारी अंगावर घेत जातो आणि गरजतो ती त्या बालपुस्तकाची वाक्यं, गाय कुठे आहे म्हणून. ऐकायला हे वेड्यासारखं वाटतं. वाचताना हसू आणि हुंदका यांतलं काय आधी आलं ते सांगता येत नाही. त्या शक्तीला त्याच्या मनाच्या तळाशी एक शिपाई भेटतो. तो तिथे पहारा देतो, बाहेरचं आत येऊ नये म्हणून नाही, आतलं बाहेर पडू नये म्हणून. नि:शस्त्र म्हाताऱ्यांवर व्हाइम्सची तलवार पडत नाही.

'स्नफ' मला इतकं भावत नाही. तिथे व्हाइम्स जरा जास्त बोलतो, बरोबर असण्याची त्याला सवय झालेली आहे आणि गावाकडची पार्श्वभूमी शहरासारखी त्याच्या पायांना ओळखीची नाही. गोब्लिन या हीन मानलेल्या जमातीला कायद्याने माणूस ठरवण्याची या पुस्तकाची मध्यवर्ती कल्पना मात्र याच मालिकेला शोभणारी आहे. प्रॅचेट यांना अल्झायमरचा एक दुर्मीळ प्रकार जडल्याचं डिसेंबर २००७ मध्ये त्यांनी स्वतः जाहीर केलं. नंतरची पुस्तकं त्यांनी सांगून लिहून घेतली. ते आजारात लिहीत राहिले हे मनात ठेवूनच मी ती वाचतो, पण त्यामुळे माझं मत बदलत नाही. १२ मार्च २०१५ रोजी ते गेले. अपुरं राहिलेलं लेखन नष्ट व्हावं ही त्यांची इच्छा होती, म्हणून २५ ऑगस्ट २०१७ रोजी इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या वाफेच्या यंत्रांच्या जत्रेत त्यांच्या संगणकाची हार्ड डिस्क रोडरोलरखाली घालण्यात आली. ती पुरती फुटेना, तेव्हा दगड फोडणाऱ्या यंत्रात टाकावी लागली. व्हाइम्सचं नववं पुस्तक येणार नाही, याचं दुःख मला आहे, आणि दुसऱ्या कुणी ते लिहू नये असंही वाटतं.

नव्या वाचकाला लोक बहुधा १९८३ च्या 'द कलर ऑफ मॅजिक'पासून सुरुवात करायला सांगतात, कारण ती पहिली. मी तसं सांगणार नाही. त्या कादंबरीत लेखक इतरांच्या साहसकथांची टर उडवतो आहे आणि ती चांगली उडवतो, पण तिथल्या माणसांवर अजून त्याचं प्रेम बसलेलं नाही. कुणी 'नाइट वॉच' सर्वांत थोर म्हणून आधी तीच हाती देतात. ती एकटी वाचली तरी उत्तमच वाटेल. पण सही मागणाऱ्या सार्जंटला गटारात पडलेलं पाहिलेलं नसेल, रेग शूच्या सभेला हसलेलं नसेल, तर त्यातलं अर्धंच हाती येतं. तेव्हा 'गार्ड्स! गार्ड्स!'पासून धरावं, क्रम मोडू नये, आणि ती संपायच्या आत 'मेन ॲट आर्म्स' घरात आणून ठेवावी.